तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी कुणाच्या हातात द्यायची हे मी कसं ठरवते

माझ्याकडे 1986 ची पोर्श 911 कॅरेरा आहे हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ती कुणाकडे देतेस आणि त्या माणसावर विश्वास ठेवायचा हे ठरवलंस कसं. नाव सांगून उपयोग नाही, तुमची गाडी वेगळी, तुम्ही राहता ती जागा वेगळी, पण ठरवलं कसं ते सांगते.

आधी चुकलं कसं ते. गाडी नवीन घेतली तेव्हा एका मोठ्या गॅरेजमध्ये नेली, भिंतीवर सर्टिफिकेटं, फरशी लख्ख, दारात दोन महागड्या गाड्या उभ्या, आणि काम काय तर फक्त ऑईल बदलायचं. गाडी घेऊन निघाले, थोडी गरम झाली आणि मागे निळ्या धुराचा ढग. या गाडीला ड्राय संप आहे, म्हणजे ऑईल इंजिनखालच्या चेंबरमध्ये साठत नाही, मागच्या उजव्या चाकाच्या कमानीत वेगळी टाकी असते त्यात राहतं. म्हणून लेव्हल बघायची ती इंजिन पूर्ण गरम, आयडलवर चालू, गाडी सपाट जागेवर, अशीच. त्या माणसाने इतर गाड्यांसारखं इंजिन बंद करून थोडं थांबून डिपस्टिक काढली, ती जवळजवळ कोरडी दिसली, म्हणून त्याने ओतलं, परत बघितलं, परत ओतलं. जास्तीचं ऑईल ब्रीदरमधून, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, एअर फिल्टरच्या डब्यात गेलं आणि तिथून इंजिनात जळायला.

तो माणूस लबाड नव्हता. मला हे नंतर खूप दिवस खटकत राहिलं, कारण आपण मेकॅनिक शोधताना सगळं लक्ष तो फसवतोय का यावर ठेवतो, आणि प्रामाणिक माणूससुद्धा आपल्या गाडीचं वाट्टोळं करू शकतो हे डोक्यातच येत नाही. त्याला माहीत नव्हतं यात गुन्हा नाही, पण डिपस्टिक कोरडी दिसली तेव्हा तो थांबला नाही, मॅन्युअल उघडलं नाही, मला विचारलं नाही. मी आता तेच बघते, की न जुळणारी गोष्ट समोर आली की हा माणूस थांबतो का.

त्यासाठी पहिला प्रश्न मी टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातल्या फटीचा, विचारते. माझ्या इंजिनला बारा व्हॉल्व्ह आहेत आणि गॅप 0.1 मिलिमीटर ठेवायचा असतो, तोही इंजिन पूर्ण थंड असताना. मी फोनवर सहज म्हणते, टॅपेट सेट करायचेत, सकाळी चालवत आणते, दुपारी मिळेल का? जो "हो, या की" म्हणतो तिथे मी जात नाही. आता मी जिथे जाते त्याने सांगितलं होतं, आदल्या संध्याकाळी आणून ठेवा, रात्रभर थंड होऊ दे, सकाळी मी हात लावतो. एवढ्या एका वाक्यावर मी त्याला भेटायला गेले.

तुमच्या गाडीचा असा एखादा प्रश्न असतोच, तो शोधून ठेवा. रोटरी इंजिनची, म्हणजे पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतो अशी, माझदा आरएक्स-7 असेल तर कॉम्प्रेशन कसं मोजता विचारा, प्रत्येक रोटरला तीन बाजू असतात म्हणून तीन वेगळे आकडे यायला हवेत, साधा गेज लावून एक आकडा सांगणारा तुमच्या कामाचा नाही. 911 चीच नंतरची 996 पिढी असेल आणि कुणी गाडी न बघताच इंटरमिजिएट शाफ्टचं बेअरिंग (इंजिनच्या आतलं, निकामी होण्यासाठी बदनाम) बदलूनच घ्या म्हणत असेल तर बघा तो आधी साल विचारतो का, टर्बो आहे की साधी ते विचारतो का, कारण त्या काळातल्या टर्बो आणि जीटी3 चं इंजिनच वेगळं, त्यांना तो त्रास नाही, आणि पुढच्या 997 पिढीच्या साधारण 2006 ते 2008 मधल्या साध्या इंजिनांत ते बेअरिंग मोठं असतं, अख्खं इंजिन खोलल्याशिवाय बाहेरच येत नाही. मी तर म्हणेन, उलट प्रश्न विचारणारा मेकॅनिक मिळाला की निम्मं काम झालं.

गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाडाचा कोड वाचणाऱ्या स्कॅनरबद्दल पण सांगते, नव्या गाडीवाले यातच अडकतात. कोड सांगतो लक्षण, कारण नाही. मिक्श्चर लीन आहे, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, असा कोड आला आणि समोरचा लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलू म्हणाला तर विचारा, कुठून हवा खेचतेय का ते तपासलं का. बऱ्याचदा एखादा फुटलेला व्हॅक्युम होज निघतो आणि सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असतो.

पहिलं काम लहानच द्यायचं. मी ब्रेक ऑईल बदलायला दिलं आणि तिथेच उभी राहिले, आधी विचारून, नाही म्हणाला असता तर तेही कळलं असतं. त्याने जॅक लावायच्या आधी वाकून पॉइंट बघितला, इंजिनखाली लावला नाही. माझ्या चाकांचे नट ॲल्युमिनियमचे आहेत, स्टीलचा सॉकेट लावला की ओरखडे पडतात, त्याने आतून प्लॅस्टिक असलेला सॉकेट काढला, नट आधी हाताने बसवले आणि शेवटी टॉर्क रेंचने 130 न्यूटन मीटरला घट्ट केले. एअर गनने ठोकून दिले असते तरी मला घरी जाईपर्यंत काही कळलं नसतं, आणि म्हणूनच मला ते बघायचं होतं. मग ट्रायलला निघाला, ही गाडी 915 नावाच्या जुन्या गिअरबॉक्सची, थंड असताना घाई केली की सिंक्रोला, म्हणजे गिअर जुळवून घेणाऱ्या भागाला, मार बसतो, तर तो दुसरा गिअर टाकताना क्षणभर थांबायचा आणि ऑईल गरम होईपर्यंत त्याने इंजिन ताणलं नाही. सर्टिफिकेटपेक्षा मला ते थांबणं जास्त पटलं.

रिव्ह्यू मी वाचते, पण गाडी ताब्यात मिळाल्या दिवशी लिहिलेले सोडून देते, तेव्हा सगळेच खूश असतात. त्यापेक्षा त्याच मॉडेलचा एखादा मालक शोधून एकच विचारते, दुसऱ्यांदा गेलात का. बिलावर नुसतं "इंजिन वर्क" असेल तर मला चालत नाही, पार्ट नंबर हवेत, काढलेले पार्ट परत हवेत. आणि एखादं काम "हे माझ्याकडे होत नाही, मशीन शॉपला पाठवावं लागेल" असं सरळ सांगणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो.

मागच्या वर्षी गाडी ऑईल जास्त खायला लागली. दोन ठिकाणी छातीठोकपणे सांगितलं, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोला. माझ्या मेकॅनिकने काही सांगितलंच नाही, म्हणाला आधी लीकडाऊन टेस्ट करू. प्रत्येक सिलेंडरमध्ये हवेचं प्रेशर भरून किती गळतं ते मोजलं, आणि कुठून गळतं ते कान लावून ऐकलं, एक्झॉस्टमधून आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑईल टाकायच्या तोंडातून आला तर रिंगा. सहाही सिलेंडर दहा टक्क्यांच्या आत, रिंगा ठीक. मग म्हणाला, व्हॉल्व्ह गाईड, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यातून सरकतात त्या नळ्या, झिजले असावेत, या इंजिनात ते होतं, पण खात्री हेड काढल्यावरच, आणि धूर एवढा कमी असताना मी आज काढणार नाही, दर हजार किलोमीटरला किती ऑईल घालता ते वहीत लिहा आणि मला दाखवा.

वही डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे, सात नोंदी झाल्यात, आकडा अजून वाढलेला नाही. उद्या टॅपेट आहेत, म्हणून आज संध्याकाळी गाडी त्याच्याकडे ठेवून चालत घरी आले.