मूळ कंट्रोलरसह जुने गेम
रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर रेट्रोपाय ही जुने गेम चालवणारी प्रणाली बसवून जुने गेम घरी चालवणे आता सोपे झाले आहे. मात्र हातात निन्टेन्डोचा मूळ चौकोनी कंट्रोलरच हवा, असा माझा ठाम आग्रह आहे. त्यातील ४०२१ ही एकमेव चिप लॅचचा (स्थिती पकडण्याचा) इशारा मिळताच आठही बटणांची स्थिती पकडून ठेवते आणि क्लॉकच्या (ठरावीक लयीत येणाऱ्या इशाऱ्याच्या) ठोक्यागणिक एकेक बिट, म्हणजे एकेका बटणाची स्थिती, पुढे सरकवते. पाच तारांवरचा हा साधा संवाद छोटा मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा संगणक) सहज वाचतो आणि यूएसबीतून संगणकाला कळवतो. संगणक यूएसबीवरून बटणांची स्थिती विचारतो ती विचारणा दर ८ मिलिसेकंदांऐवजी दर १ मिलिसेकंदाला व्हावी, कारण गेमची एक फ्रेम (पडद्यावरचे एक चित्र) जेमतेम १६.७ मिलिसेकंदांची असते. बटणांखालचे रबर झिजले असल्यास तेही बदलावे.