इंजिन सीटच्या मागे आलं की

पोर्श केमन ही स्पोर्ट्स कार घरी आली आणि पायाची जुनी सवय बदलणं भाग पडलं. आधीची हॅचबॅक फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या चाकांना. वळणात वेग जास्त वाटला की ॲक्सिलरेटर सोडायचा, गाडीचं नाक आपसूक वळणाच्या आत यायचं. केमनचं इंजिन सीटच्या मागे, ताकद मागच्या चाकांना. ऐन वळणात पाय झटकन उचलला तर भार पुढे सरकतो, मागचे टायर हलके होतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊ शकतो.

आज पहाटे पाम बीच रोडवर, वाशी ते बेलापूर, वेगमर्यादेत राहून एवढंच घोटवलं: सरळ रस्त्यावरच घट्ट ब्रेक, मग वळणात शिरताना पेडल हळूहळू सोडायचं. खरं कसब या सोडण्यात आहे! पुढच्या टायरवर भार टिकतो, म्हणून स्टिअरिंग ऐकतं. वळण उलगडायला लागलं की ॲक्सिलरेटर अलगद.

शेजारी बसलेला दादा म्हणाला, "आता मान हलत नाही रे माझी." फार बरं वाटलं.

टायरच्या पकडीची हद्द मात्र रेसिंग ट्रॅकवरच शोधायची, नेरूळच्या सिग्नलवर नाही. ताशी 80 किमीवरून थांबताना ब्रेकना 40 वरून थांबण्याच्या चौपट ऊर्जा जिरवावी लागते. कोइम्बतूरच्या कारी स्पीडवे या रेसिंग ट्रॅकवर कुणी गाडी चालवली असेल तर कमेंटमध्ये नक्की सांगा.