खांदेरीच्या पाण्यावरून नवगाव

गेटवेच्या धक्क्यावरून मांडव्याची लाँच सुटली की माझी टकळी सुरू होते. गाईडच्या धंद्यात प्रत्येकाची अशी एक ठरलेली टकळी असते आणि ती झोपेतसुद्धा म्हणता येते. पाचवा जॉर्ज १९११ साली आला तेव्हा इथे कमान नव्हतीच, पुठ्ठ्याची प्रतिकृती उभी केली होती. खरी दगडी कमान पुरी झाली १९२४ मध्ये. ताजमहाल हॉटेल तिच्याही आधीचं, १९०३ चं. मग उजव्या हाताला कुलाबा, ससून डॉक, लांबवर प्रॉन्ग्जचा दिवा. तोवर पाहुण्यांचं निम्मं लक्ष लाँचच्या मागे लागलेल्या कुरव पक्ष्यांकडे गेलेलं असतं, कारण लोक त्यांना कुरकुरे भरवत असतात. (भरवू नयेत असं मी दरवेळी सांगतो. कुणी ऐकत नाही, पक्षी तर नाहीच.)

त्या दिवशी टकळी ताजपर्यंतच पोचली.

"हे मला ठाऊक आहे रे बाळ," आजी म्हणाल्या. "मी भायखळ्यात वाढले. माझगावच्या कदूरी शाळेत शिकले. तू त्याला सांग, मी जरा ऊन खाते."

'तो' म्हणजे नातू. तिशीचा, इस्रायलमध्ये जन्मलेला, मराठी समजणारा पण इंग्रजीत उत्तर देणारा. आजी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या, ऐंशी ओलांडलेल्या, लग्नानंतर १९६० च्या दशकात तिकडे गेलेल्या. एजन्सीनं मला दिलेल्या कागदावर 'मुंबई बंदर आणि घारापुरी' असं लिहिलं होतं. आदल्या संध्याकाळी हॉटेलवर भेटायला गेलो तर आजींनी तो कागद वाचला आणि परत माझ्या हातात ठेवला. घारापुरी त्यांनी शाळेच्या सहलीत पाहिली होती. त्यांना नवगाव बघायचं होतं, आणि तेही समुद्रावरून. "मोटारीनं नवगाव मी पाहिलंय. कबरस्तानात जाऊन आले, नारळ ठेवून आले. पण आमची माणसं काय मोटारीनं आली होती?"

बेने इस्रायलींची परंपरा अशी: फार पूर्वी, काहींच्या मते इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात, पश्चिमेकडून येणारं एक गलबत चौल बंदराच्या वाटेवर अलिबागजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. लाटांनी किनाऱ्याला आणून टाकलेली प्रेतं नवगावात पुरली, आणि ती जागा आजही हा समाज पवित्र मानतो. वाचलेली माणसं आसपासच्या गावांत पांगली, तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. पुढे गावांवरून आडनावं पडली: नवगावकर, किहीमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर.

रात्रीच फोनाफोनी करून बेत बदलला. गेटवेवरून मांडवा, तिथून गाडीनं थळ, आणि थळच्या कोळ्याची होडी घेऊन खांदेरी बेटाला वळसा. अडचण एकच होती. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, थळच्या बंदरात होड्या चिखलात बसतात, आणि ऐंशीच्या बाईला चिखलातून नेणार कोण? होडी हाकणाऱ्या तांडेलानं भरतीची वेळ सांगितली, तेवढ्यावर सगळा दिवस बांधला. गाईडला बाकी सगळ्यांशी घासाघीस करता येते, भरतीशी नाही.

लाँचवर नातवानं नौदलाच्या जहाजांवर मोबाईल रोखला तेव्हा मी त्याला थांबवलं, आणि थोड्या वेळानं ससून डॉक दाखवला: १८७५ चा, पश्चिम भारतातला पहिला वेट डॉक, बगदादी ज्यू घराण्यानं बांधलेला. मला वाटलं, इथे तरी आजी खूश होतील. त्या म्हणाल्या, "ते बगदादी. पैसेवाले. आम्हाला त्यांच्या पंगतीला बसवून घेत नव्हते." मग आपण होऊनच १९६४ पर्यंतची हकीकत सांगितली. इस्रायलच्या धर्मपीठानं बेने इस्रायलींच्या लग्नांवर अडसर घातला होता, पूर्वजांची चौकशी करा म्हणत होते. लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले. आजी तान्ह्या मुलीला घेऊन तिथे गेल्या होत्या. अखेर १९६४ साली धर्मपीठानं मान्य केलं की हे सर्वार्थानं ज्यूच. "मला विचारत होते, तुमचे पूर्वज कोण? मी म्हटलं, नवगावला जाऊन विचारा."

नातवानं ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकली, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

थळला तांडेल वाट बघतच होता. पाणी धक्क्याला टेकलेलं, त्यामुळे आजी नुसता पाय उचलून होडीत आल्या आणि नाळेजवळच्या फळीवर बसल्या. सकाळचा मतलई वारा पडला होता, खारा वारा अजून सुटायचा होता. मधल्या त्या तासा-दीड तासात इथलं पाणी तेल ओतल्यासारखं सपाट असतं. डाव्या अंगाला उंदेरी, किनाऱ्याला जवळ. तिच्यापलीकडे खांदेरी. खांदेरी शिवाजी महाराजांनी १६७९ च्या भर पावसाळ्यात बांधायला घेतली, मायनाक भंडारी बेटावर आणि दौलतखानाचं आरमार मदतीला. मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं आणून अडवायचा प्रयत्न केला आणि तो फसला. लगेच दुसऱ्या वर्षी सिद्दीनं समोरची उंदेरी बळकावून तटबंदी केली. दोन बेटं, दोन शत्रू, मध्ये एवढंसं पाणी. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले त्यात खांदेरी आहे. नातवाला घेऊन मी पाच-दहा मिनिटं बेटावर चढलो, चाकांच्या लोखंडी गाड्यावरची तोफ दाखवली, वेताळाचं देऊळ दाखवलं, आणि दगड मारला की भांड्यासारखा वाजणारा तो खडकही. तरुण मंडळींना खांदेरीचं काय आठवतं म्हणाल तर तो खडक. इतिहासाला इथे दुसराच नंबर मिळतो.

परत होडीत आलो तर आजी आणि तांडेल यांचं चांगलंच जमलं होतं. त्यानं डब्यातली कोळंबी पुढे केली होती. "आमच्यात नाही चालत, भाऊ. खवल्याचा मासा असेल तर दे." तो हसला. थळात अजून एक-दोन घरं आठवतात म्हणाला, शनवारी काम न करणारी.

मग आजींनी विचारलं, गलबत कुठे फुटलं असेल?

असल्या प्रश्नाला माझ्याकडे एक तयार उत्तर असतं: लेखी पुरावा नाही, तोंडी परंपरा आहे, अभ्यासकांत मतभेद आहेत. तेच मी दिलं. नातवानं भर घातली की २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू आणि भारतीय असा दोन्हीकडचा वारसा ठळक दिसला आहे. आजींनी आम्हा दोघांचं ऐकून घेतलं. "पुरावा मी विचारला का? कुठून आत शिरले असतील ते विचारलं," म्हणाल्या, आणि तोंड तांडेलाकडे वळवलं.

तांडेलानं इंजिन बंद केलं. उभा राहिला आणि हातानं दाखवू लागला. "चौलाला जाणारं गलबत हेच पाणी धरून येणार. त्यांची खूण म्हणजे तो कनकेश्वराचा डोंगर. दिवसा ठीक. पण रात्री, वादळात, डोंगर दिसत नाय. खांदेरीवर आता दिवा हाय, तवा कुठला?" (दीपगृह १८६७ चं.) "आणि उंदेरीच्या या अंगाला सगळं खडप. आत्ता भरतीला पाण्याखाली हाय, सुकतीला या, दात दाखवतंय. वारा पश्चिमेचा असला तर माणूस पोहत ना पोहत, पाणीच त्याला ढकलत त्या तिकडं नेतं." त्याचं बोट जिथे थांबलं तिथे नारळी-पोफळीची एक हिरवी पट्टी होती. नवगाव.

हे पाणी मी अनेकदा पाहिलेलं होतं, खांदेरीच्या लढाईचं पाणी म्हणून. त्यावरून किनाऱ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. उत्तरेला, जिथे मुंबई असायला हवी तिथे, नुसता धुरका होता. आजींच्या गोष्टीत तसंही तिथे शहर नव्हतंच. त्यांची माणसं मुंबईला गेली ती अठराव्या शतकात, कंपनीच्या पलटणीत नाहीतर कामधंद्यासाठी. पहिलं सिनेगॉग बांधलं ते १७९६ साली, टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या सॅम्युअल दिवेकर या कंपनीच्या फौजेतल्या अधिकाऱ्यानं. म्हणजे त्यांच्या हिशेबात माझं गेटवे फारच उशिरा येतं.

आजींनी डोक्यावर रुमाल घेतला आणि त्या पट्टीकडे बघत 'शेमा यिस्राएल' म्हटलं. बाकी सगळं हिब्रू विसरलं तरी ही एक प्रार्थना या लोकांनी किनाऱ्यावर शतकानुशतकं टिकवली, असं परंपरा सांगते. नातू मागे उभा राहून त्यांच्याबरोबर पुटपुटत होता. मग पिशवीतून डबा निघाला: मलिदा. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळांच्या फोडी. एलिया हनाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावानं करतात. हॉटेलच्या खोलीत पहाटे उठून त्यांनी तो कालवला होता, आणि नारळ खवायला खाली किचनमधल्या पोराला पटवलं होतं. तांडेलाला पहिला द्रोण. त्यानं खाण्याआधी चिमूटभर पाण्यात टाकला. आजींनी बघितलं आणि काही म्हटलं नाही.

"उतरायचं का?" मी विचारलं. पाणी अजून होतं, छोट्या होडीनं वाळूपर्यंत नेता आलं असतं. नातवाला फार इच्छा होती.

"नको," आजी म्हणाल्या. "उतरलेलं मी पाहिलंय."

परतीच्या वाटेवर खारा वारा सुटला आणि लाँच चांगलीच डोलायला लागली. मी पुन्हा टकळी सुरू करू की नको या विचारात होतो, तेवढ्यात नातवानं उद्याचा बेत काढला: मशीद बंदरला दिवेकरांचं सिनेगॉग, सॅम्युअल स्ट्रीट, आणि जमलं तर शिवडीला बोटीतून फ्लेमिंगो.

"सॅम्युअल स्ट्रीट हो," आजींनी कठडा घट्ट धरून सांगितलं. "पण टॅक्सीनं. बोट आता पुरे."