तरण्या पावसात मी ब्लाऊज का घेत नाही

"काय वो बाई, पावसाळ्यात मशीनला सुट्टी काय?" दरवर्षी जुलैत कुणी ना कुणी हे विचारतंच. आजवर मी "कापड दमट होतं, सुई गंजते" असलं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. यंदा तुम्ही विचारलंत, तर खरं काय ते सांगते.

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात, जांबोटी रस्त्याच्या बाजूला आमचं गाव. घर कौलारू. मृग जवळ आला की सोप्याला, म्हणजे ओसरीला, पश्चिमेच्या अंगानं ताडपत्री बांधायची, नाहीतर झड थेट आत येते. माजघरात मशीनच्या वर एक काचेचं कौल बसवून घेतलंय. जूनअखेर त्यावर फणसाचा पाला पडून कुजतो, शेवाळ धरतं, आणि भर दुपारी दोऱ्याचा रंग बघायला दारात जावं लागतं. काळा आणि गडद निळा तर दारातही कळत नाही.

या दिवसांत मला रडू येत नाही. लोकांना वाटतं, उदास माणूस रडतो. मला झोप येते. नऊ-दहा तास झोपूनही अंग उचलत नाही. भात आणि गोड चहा कितीही द्या, हवाच असतो. टेपवरचा आकडा वाचते आणि वहीत लिहीपर्यंत विसरते. कुणी दारात आलं की पोटात गोळा येतो, आणि तो माणूस गेला की आपण त्याला धड बसाही म्हटलं नाही, हे मनात घोळत राहतं.

एका जुलैत खणाचं ब्लाऊज कापायला घेतलं. गिऱ्हाइकानं लग्नासाठी जपून आणलेला खण. खडूनं आखलं, कापलं, आणि बाह्या समोरासमोर ठेवल्या तर दोन्ही डाव्याच. पंचवीस वर्षं शिवतेय मी. चूक झाली की माणूस हळहळतो, कपाळाला हात लावतो. मी नुसती बघत बसले, दिवे लागेपर्यंत. काहीच वाटलं नाही. हे काहीच न वाटणं मला त्या खणाच्या नुकसानीपेक्षा भयंकर वाटलं, खरं तेसुद्धा दोन महिन्यांनी.

त्या वर्षी जवळच्या एका डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सलाइन लावलं, ताकदीची इंजेक्शनं दिली. गणपतीनंतर मी हिंडू-फिरू लागले. सगळे म्हणाले, इंजेक्शन लागू पडलं. पुढच्या आषाढात पुन्हा तेच.

उलगडा झाला तो मापाच्या वह्यांमुळं. मी वह्या टाकत नाही, जुन्या बायका परत आल्या की माप तयार असतं. आमच्या मोठ्या जाऊबाई एकदा कुणाचं तरी जुनं माप शोधत होत्या. चार वर्षांच्या वह्या उघड्या टाकून मला म्हणाल्या, "हे बघ गं, तरणा लागला की तुझं अक्षरच बारीक होतंय." खरंच होतं. मे महिन्याची पानं गच्च, जूनमध्ये शाळेचे गणवेश. तरणा म्हणजे पुनर्वसूचा पाऊस; तो लागला, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून, पान अर्धं कोरं आणि दिलेल्या तारखा खोडून पुढं ढकललेल्या. त्याच्या पुढच्या म्हाताऱ्या, म्हणजे पुष्याच्या पावसात तर पानंच नाहीत. मघा सरल्या की अक्षर पुन्हा मोठं.

त्या वह्या पिशवीत घालून मी बेळगावला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेले. ते कन्नड बोलणारे, माझं कन्नड बाजारापुरतं. त्यांनी विचारलं, "बेजार आगतैतेन्री?" मी मान हलवली. बेजार तर मी होतेच. मग लक्षात आलं, आम्ही दोघं एकच शब्द धरून वेगवेगळ्या वाटेनं चाललोय. आपल्या मराठीत माणूस कशानं तरी बेजार होतो, कामानं, पोरांनी. त्यांच्या बेजाराला कारण लागत नाही, मन उठून जातं एवढंच. मला नेमका तोच शब्द हवा होता, आणि तो आपल्याच शब्दाच्या पोटात निघाला.

त्यांनी आधी थायरॉइड आणि रक्त तपासून घेतलं, कारण मरगळ तिथूनही येते. मग वह्या चाळत त्यांनी एक गोष्ट सांगितली. डॉ. नॉर्मन रोझेन्थल दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेले, आणि तिथल्या हिवाळ्यात आपली उमेद ओसरते हे त्यांना स्वतःला जाणवलं. त्यांच्या संस्थेत एक इंजिनिअर आला, तो आपल्या मनाच्या चढउतारांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवत होता. 1984 साली रोझेन्थल आणि सहकाऱ्यांनी या ऋतूबरोबर येणाऱ्या नैराश्याचं वर्णन छापलं. एका माणसाची वही आणि माझी वही, मला फार बरं वाटलं ते ऐकून.

पण हा आजार तिकडचा, नॉर्वेतल्या ऑस्लोसारख्या गावचा, जिथं डिसेंबरात दिवस सहा तासांचा असतो. आपल्याकडं सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान दिवसात जेमतेम दोन तासांचा फरक. म्हणून डॉक्टरांनी माझ्यावर ते नाव चिकटवलं नाही. पावसाळ्यात घरात पैशाची ओढाताण असते का, असंही विचारलं. असतेच की, रोप लावणीची मजुरी, खत, सगळं तेव्हाच. ठरलेल्या महिन्यांत येणारी ओढाताणसुद्धा माणसाला पाडते, ती वेगळी काढावी लागते म्हणे. कागदावर त्यांनी "पुन्हा पुन्हा येणारं नैराश्य, पावसाळ्यात" एवढंच लिहिलं. मला ते प्रामाणिक वाटलं.

उजेडाचं मात्र त्यांनी नीट समजावलं. सकाळचा उजेड डोळ्यांतून मेंदूतल्या घड्याळापर्यंत पोचतो आणि झोप आणणारं मेलाटोनिन आटोक्यात ठेवतो. तिकडं 10,000 लक्सच्या खास दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसवतात. तो दिवाही डॉक्टरांना विचारूनच, कारण ज्यांचं मन कधी खाली तर कधी अति वर जातं, त्यांना तो उलटू शकतो. आमच्याकडं जुलैत वीज टिकेल तेव्हा दिवा! पण घरातल्या ट्यूबखाली दोन-तीनशे लक्स असतील तर ढगाखालीही अंगणात हजारो असतात. मला वाटायचं, सूर्य नाही म्हणजे उजेड नाही.

तेव्हापासून मशीन सोप्यावर आलं. ताडपत्रीचा एक पट्टा सकाळी सोडून ठेवते, भिजलं तर भिजू दे. काचेचं कौल आता पंधरवड्याला घासतो. गोळ्या मे महिन्यात सुरू होतात. चुलीसाठी शेणी रचतो, सांडगे वाळवतो, त्याच बेगमीत ह्याही. बंद करायच्या त्या डॉक्टर सांगतील तेव्हा, हळूहळू. एकदा मीच बंद केल्या होत्या, ती वही दाखवण्यासारखी नाही.

आणि जाऊबाई मला लावणीला ओढून नेतात. "उठ की गं, किती झोपतीस?" चिखलात वाकून दहा बायकांच्या रांगेत रोप लावताना बरं वाटतं, सगळ्या दिवसांत नाही. म्हणून कुणी "कामात मन रमव" म्हणालं की माझं डोकं फिरतं. मन रमत असतं तर दोन डाव्या बाह्या कापल्या असत्या काय? धबधबे बघायला चोर्ल्याच्या घाटाकडं जाणाऱ्या गाड्या दारावरनं जातात, "काय छान पाऊस" म्हणतात. म्हणू देत. त्यांचा तो छानच असतो.

कुणाचं मन जगणंच नको इथवर गेलं, तर मात्र गणपतीची वाट बघू नका. 14416 हा टेली मानसचा सरकारी नंबर, फुकट, रात्रीही लागतो, मराठीतही बोलता येतं.

यंदाच्या वहीत तरण्यात सहा मापं आहेत. अक्षर बारीकच आहे, खरं तारखा खोडलेल्या नाहीत. तुमचं कटोरी ब्लाऊज असेल तर ते मेमध्येच टाका. जुलैत आणायचंच झालं तर साडीचं फॉल-बिडिंग आणा. सरळ शिवण असते, ती होते माझ्याकडनं.