तुम्ही विचारलंत म्हणून: शहराचा चेहरा कसा निघाला?

"एवढे अनोळखी लोक टिपलेत, मग शेवटी आपल्या शहराचा चेहरा कसा निघाला?" भेटेल तो हेच विचारतो. त्याला जोडून दुसरा प्रश्न ठरलेला: लोकांचे फोटो त्यांना विचारून काढता ना? हो, विचारूनच काढते. वॉकर इव्हान्स या अमेरिकन छायाचित्रकारानं १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाआड कॅमेरा लपवून प्रवासी टिपले. ते चेहरे मला आजही हलवून सोडतात, पण तसं मला जमणार नाही. नाही म्हणणाऱ्याला मी दुसऱ्यांदा विचारत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र टाळत आले.

चेहरा निघाला होता. १४० जणांचे समोरून काढलेले फोटो, सगळ्यांचे डोळे एकाच जागी आणून एकावर एक रचले. प्रत्येकाचा वाटा सारखा राहावा म्हणून दुसरा थर ५० टक्के, तिसरा ३३, चौथा २५, असे थर फिके करत गेले. मध्यरात्री तो चेहरा पडद्यावर उमटला आणि मला रडू फुटलं. ना बाई ना पुरुष, ना गोरा ना काळा, अगदी शांत. मला हेच तर म्हणायचं होतं!

ज्यांनी फोटो दिले त्यांना बघायला बोलावलं. त्यांत एक बाई होत्या. डाव्या गालापासून हनुवटीपर्यंत कोड. फोटोच्या वेळी त्यांनी आधी गालावर स्कार्फ ओढून घेतला होता. "तुमच्याशिवाय हा चेहरा पुरा होणार नाही," असं मी म्हणाले, तेव्हा गाठ सोडून तो त्यांनी मांडीवर ठेवला.

चित्रासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यातल्या गालावर बोट ठेवून म्हणाल्या, "ताई, माझा डाग कुठे गेला?"

मी सरासरी समजावू लागले. १४० थरांतला एक थर, म्हणून दिसत नाही, पण आहे. त्यांनी ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्हीही पुसलातच. माझा फोटो काढून टाका."

काढला. त्या रात्री १३९ थरांचं चित्र नव्यानं जोडलं आणि जुन्याशेजारी ठेवून तासभर फरक शोधत बसले. मला तो सापडला नाही.

त्यांचा गैरसमज झाला, असं कित्येक दिवस स्वतःला सांगत होते. पण फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाचं उदाहरण मी वाचलेलं होतं. १८७८ च्या सुमारास त्यानं गुन्हेगारांचे फोटो एकाच काचेवर थोडे थोडे उमटवून गुन्हेगाराचा नमुना चेहरा शोधला. निघालेला चेहरा मूळ माणसांपेक्षा सभ्य दिसत होता, हे त्यानं स्वतःच नोंदवलंय. तो माणसांची प्रतवारी लावणारा, मी जोडू पाहणारी, म्हणून ते मला लागू नाही असं मी धरून चालले. रीत तर त्याचीच होती.

आता फोटो सुटे लावते. तरी जोडलेला चेहरा अधूनमधून उघडून बघते, आणि तो खोटा आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही. भिंतीवर १४० वी चौकट रिकामी ठेवावी का, तेही ठरत नाही. ठेवली तर पुन्हा त्या बाईंना वापरल्यासारखं होईल.

हे लिहितानाही त्यांना विचारलेलं नाही.