वीस अक्षरांत मावणारी ओळख

एप्रिल २०२४. रोमानियातल्या कॉन्स्टान्ट्सा बंदरात मका भरून, सुवेझ ओलांडून आम्ही लाल समुद्रातून दक्षिणेला चाललो होतो. माल चीनला जायचा होता. दुपारच्या वॉचला कॅप्टन ब्रिजवर आले आणि म्हणाले, "सेकंड, एआयएसवर काय टाकायचं, ते आजच ठरवू."

एआयएस ही जहाजाची स्वयंचलित ओळख-यंत्रणा. ती जहाजाचं नाव, आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा नोंदणी क्रमांक), जागा, वेग, दिशा सतत प्रसारित करत असते. पुढच्या बंदराचं नाव मात्र हाताने भरावं लागतं, आणि ते काम सेकंड मेटचं, म्हणजे माझं. त्या रकान्यात २० अक्षरं बसतात. रोमन अक्षरं फक्त कॅपिटल, मधल्या मोकळ्या जागाही त्यातच धरायच्या. दर ६ मिनिटांनी ही माहिती बाहेर जाते आणि साधा रिसीव्हर असलेला कुणीही ती वाचतो. येमेनमधले हुथी बंडखोरही वाचतात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी हेलिकॉप्टरमधून उतरून 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज इस्रायलशी संबंधित म्हणून ताब्यात घेतलं. त्यानंतर कित्येक जहाजांच्या या रकान्यात बंदराचं नाव दिसेनासं झालं. 'ऑल चायनीज क्रू', 'नो लिंक इस्रायल' असे मजकूर एकेका जहाजाच्या नावापुढे दिसू लागले. सोमाली चाच्यांच्या काळात 'आर्म्ड गार्ड्स ऑनबोर्ड' लिहायचे. ऑनबोर्ड जोडून लिहिलं की बरोबर २० भरतात. रायफलवाला रक्षक शिडी घेऊन आलेल्या होडीला रोखतो. जहाजविरोधी क्षेपणास्त्रापुढे त्याचा काय उपयोग?

आमच्या जहाजाचं काय लिहावं? मालक ग्रीक. झेंडा मार्शल बेटांचा, आणि त्या झेंड्याची नोंदणी चालते अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून. विमा लंडनचा. जहाज बांधलं चीनमध्ये. खलाशी फिलिपिनो, आम्ही अधिकारी बहुतेक भारतीय, चीफ इंजिनिअर युक्रेनचा. मकाही युक्रेनचाच, डॅन्यूबमधून बार्जने कॉन्स्टान्ट्साला आलेला. इतकी वर्षं या सरमिसळीला धंद्यात कुणी विचारत नव्हतं. कर आणि कायदा सोयीचा असेल तो झेंडा लावायचा आणि चालू पडायचं. समुद्र सगळ्यांना खुला राहील याची काळजी दुसरं कुणीतरी वाहतंय, हे गृहीतच धरलेलं असायचं.

चीफ ऑफिसर म्हणाले, 'कार्गो फॉर चायना' लिहू. १५ अक्षरं, आणि खरंही आहे. मला ते पटत नव्हतं. २३ मार्चलाच 'हुआंग पू' या चिनी मालकीच्या टँकरवर क्षेपणास्त्र आदळलं होतं. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत त्याची नोंद ब्रिटिश मालकाच्या नावावर होती. किनाऱ्यावर बसून यादी चाळणाऱ्याकडे जुनी यादी असेल, तर आपल्या खरेपणाला काय किंमत? कंपनीने ईमेलमध्ये 'मास्टरच्या विवेकाने', म्हणजे कॅप्टनवर सोपवून, एवढंच लिहून हात झटकले होते. जमिनीवरच्या लोकांची ही सवय मला फार चीड आणते. शेवटी कॅप्टननी 'कार्गो फॉर चायना'च भरायला सांगितलं.

मी कॅडेट होतो तेव्हा, २०१० च्या सुमारास, एडनच्या आखातात वेगळंच जग पाहिलं होतं. चिनी युद्धनौकेमागे रांग लावून जाताना त्या ताफ्यात कितीतरी देशांचे झेंडे असत. युरोपीय, अमेरिकी, रशियन, भारतीय नौदलंही त्याच पाण्यात चाच्यांविरुद्ध गस्त घालत. चाचेगिरीविरुद्धचा सुरक्षा परिषदेचा २००८ चा १८१६ क्रमांकाचा ठराव एकमताने झाला होता. जानेवारी २०२४ मध्ये हुथींच्या हल्ल्यांबाबतचा २७२२ क्रमांकाचा ठराव मंजूर झाला तो ११ मतांनी. रशिया, चीन, अल्जीरिया आणि मोझांबिक तटस्थ राहिले. अमेरिका आणि ब्रिटनने येमेनवर बॉम्बहल्ले सुरू केले, युरोपीय संघाने स्वतःची निव्वळ बचावात्मक मोहीम वेगळी काढली. पाणी तेच, पण आता प्रत्येकजण आपापली वाट धरत होता.

लाल समुद्राच्या दक्षिण तोंडाची बाब-अल-मंदेब सामुद्रधुनी रात्री ओलांडायचं ठरलं. डेकवरचे दिवे बंद, पोर्टहोलवर पडदे. चाचे चढले तर सगळ्यांनी सिटाडेलमध्ये, म्हणजे आतून बंद करता येणाऱ्या सुरक्षित जागेत जायचं. पण ती जागा पाण्याच्या पातळीखाली, क्षेपणास्त्र लागून पाणी शिरलं तर तिथेच अडकायचं. म्हणून दोन वेगळे अलार्म, दोन वेगळ्या जागा, आणि झोपेतून उठूनही चूक होऊ नये इतका सराव. बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, तो सराव ज्या चोखपणे करून घेतला, त्याला तोड नाही.

सामुद्रधुनीच्या अलीकडे रेडिओच्या चॅनल १६ वर आवाज आला. स्वतःला 'येमेनी नौदल' म्हणवणाऱ्याने विचारलं : जहाजाचं नाव, झेंडा, माल कुठे चाललाय? कॅप्टननी शांतपणे सांगितलं, माल चीनला चाललाय, बांधणी चीनची, आणि मग झेंडा. पलीकडून पुढे काही आलं नाही. सामुद्रधुनीतलं पेरिम बेट मागे पडल्यावर एका पाश्चात्त्य युद्धनौकेने हाक मारली. जवळजवळ तेच प्रश्न. कॅप्टननी तीच उत्तरं दिली, पण आधी झेंडा, मग ग्रीक मालक, आणि चीन सगळ्यात शेवटी. एकही शब्द खोटा नव्हता. ती उलटी माळ ऐकताना मी रडारवर होतो आणि माझ्या अंगावर काटा आला. आपण कुणाचे हे विचारणारा पाहून ठरवावं लागतं, हे मी एका तासात दोनदा ऐकलं होतं.

आम्ही सुखरूप गेलो. त्या १५ अक्षरांमुळे की त्या रात्री कुणाचं लक्ष दुसरीकडे होतं म्हणून, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

मे २०२५ मध्ये ओमानच्या मध्यस्थीने अमेरिका आणि हुथींचा समझोता झाला. त्यात लाल समुद्रातल्या अमेरिकी जहाजांना अभय मिळालं. बाकीच्यांना असं स्पष्ट अभय नव्हतं. जुलैत हुथींनी 'मॅजिक सीज' बुडवलं आणि लगेच 'इटर्निटी सी'. दोन्ही आमच्यासारखीच ग्रीक कंपन्यांची मालवाहू जहाजं. 'मॅजिक सीज'वर चीनहून निघालेला माल होता आणि सशस्त्र रक्षकही होते. 'इटर्निटी सी'वरची काही माणसं परत आलीच नाहीत.

लाल समुद्र टाळून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या केपला वळसा घालायचा तर हजारो सागरी मैल जास्त पडतात, इंधन जळतं, भाडं वाढतं. ते वाढू दे, असं माझं स्पष्ट मत आहे. युद्धसदृश क्षेत्रात जायला नकार देण्याचा हक्क आम्हाला करारानेच मिळालेला आहे. माझ्या पुढच्या करारात कंपनीने लाल समुद्राचा मार्ग धरला आहे, आणि मी लेखी नकार कळवला आहे. आमच्या थर्ड मेटने होकार दिलाय. त्या पट्ट्यात मूळ पगार दुप्पट मिळतो आणि त्याच्या डोक्यावर कर्ज आहे. एआयएसमध्ये काय भरू, असं त्याने परवा मला विचारलं. निघायच्या दिवशीची परिस्थिती बघून कॅप्टनशी बोल, आणि अलार्म झाल्यावर जमायच्या दोन्ही जागा डोळे मिटून सापडतील इतक्या पाठ कर, एवढंच मी त्याला सांगू शकलो.