शाळेचं लुगडं

आमच्या कन्याशाळेत एक इरकल लुगडं आहे. कुण्या बाईंनी निवृत्त होताना दिलेलं. जडसंग्रह वहीत घंटा आणि बाजाची पेटी यांच्यामध्ये त्याची रीतसर नोंद आहे: ‘लुगडे, नग १’. ३ जानेवारीला ते सावित्रीबाईंचं असतं, १२ जानेवारीला जिजाऊंचं. १२ तारीख म्हणजे सोलापूरचा हुतात्मा दिनही, १९३१ साली चौघे फासावर गेले तो दिवस. त्यात गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची लगबग. एखाद्या घरात बाप जत्रेच्या पांढऱ्या बाराबंदीत आणि लेक शाळेच्या इरकलीत, असंही होतं.

गाभा सुती, पदर लाल रेशमी. हा टोपपदर जवळून बघावा. पदराचा ताणा वेगळा असतो. अंगाच्या धाग्यात त्याचा धागा फासा घालून अडकवतात, मग पुढं विणतात. या लुगड्याला बरोबर त्याच सांध्याखाली रफू आहे, आणि रफूचा लाल मूळ लालापेक्षा जरा भडक. रेशीम घडीवर विरतं, म्हणून शिपाईमावशी दर दिवाळीला घडी मोडून दुसरीकडून घालतात. कपाटाची किल्ली मुख्याध्यापिकांकडं असली तरी लुगड्यावर हुकूम मावशींचाच.

मध्यंतरी पालकसभेत कुणीतरी सुचवलं, शिवलेली नऊवारी घेऊ, इलास्टिकवाली, दोन मिनिटांत होते. होते खरी. पण ती एका मापाची. हे लुगडं सातवीतल्या काडीलाही बसतं आणि दहावीतल्या धिप्पाड पोरीलाही. उरलेलं सगळं ओच्यात कोंबायचं. शिवलं असतं तर पाचसहा जिजाऊंतच उसवलं असतं. नेसवायला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात मावशी आधीच्या जिजाऊंच्या कागाळ्या सांगतात: कोण रडली, कुणाच्या निऱ्या ऐन स्टेजवर सुटल्या. माझंही नाव त्यात असणार, मी विचारत नाही.

यंदाची जिजाऊ पद्मशाली घरातली. घरी तेलुगू, त्यामुळं ‘शिवबा’ला एक गोड हेल यायचा. तो मला तरी खटकला नाही. पोरगी कबड्डीच्या संघातली. संवाद संपले तशी म्हणाली, “काय बे, ह्यात तर पळता येतंय!” आणि काष्ट्यासकट थेट मैदानात. मागून मावशी. पोरीची नव्हे, पदराची काळजी.